परतीची धांव

ए. ई. हाउसमन या इंग्रज कवीचा ‘अ श्रॉपशायर लॅड’ हा काव्यसंग्रह १८९६ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच सालीं अथेन्स येथें अर्वाचीन ऑलिंपिक सामन्यांस आरंभ झाला आणि मॅरेथॉन नांवाच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीस त्यांत स्थान मिळालें. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. तथापि दोहोंच्या मुळाशीं धांवणाऱ्या माणसाविषयींची एकच कल्पना आहे, आणि ती कल्पना अपुरी आहे, असें अलीकडे आमचें मत झालें आहे. तें कसें झालें हें सांगण्यासाठीं हा लेख.

हाउसमनच्या त्या संग्रहांत तरुणपणीं वारलेल्या एका धांवणाऱ्यावर कविता आहे. ती आम्ही गेलीं सत्तावीस वर्षें बी. ए. च्या वर्गास शिकवीत आलों आहों. तिचा आशय बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. गांवची शर्यत जिंकली तेव्हां लोकांनीं ज्या मुलास खांद्यावर घेऊन बाजारांतून मिरविलें, त्यालाच आज ते पुन्हां खांद्यावर घेऊन निघाले आहेत. या खेपेस वाट मात्र स्मशानाची आहे. कवि त्या मुलाबद्दल शोक करीत नाहीं. उलट, कीर्ति ओसरण्यापूर्वींच तूं निघून गेलास हें शहाणपणाचें केलेंस, असें तो म्हणतो. आपला विक्रम दुसऱ्यानें मोडलेला पाहण्याचें त्याच्या नशिबीं आलें नाहीं. नांव आधीं मेलें आणि माणूस मागें उरला, अशांच्या गर्दींत त्याला उभें राहावें लागलें नाहीं. दोन मिरवणुकींतील साम्य, त्यांतील कडवट सौजन्य, शब्दांची काटकसर, हें सर्व आम्ही मोठ्या उत्साहानें उलगडून दाखवीत असूं. आणि तास संपल्यावर आपण कांहीं तरी निर्विवाद सत्य सांगून आलों, अशा समाधानांत चहा घेत असूं.

सुमारें दहा वर्षांपूर्वीं मागल्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, “सर, तो जगला असता तर नुसता धांवला नसता का?” म्हणजे जिंकण्यासाठीं नव्हे, उगीच, आपला धांवला असता, असें तिला म्हणावयाचें होतें. वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों, आणि कवितेबाहेरचे प्रश्न कवितेला विचारूं नयेत असें कांहींसें बोलून पुढल्या कडव्याकडे वळलों. ती मुलगी त्यानंतर वर्षभर कांहीं विचारती झाली नाहीं. तिचा प्रश्न कवितेबाहेरचा नव्हता. तो कवितेच्या मर्मावर बोट ठेवणारा होता, हें कळावयास आम्हांस धांवावें लागलें.

येथें स्वतःविषयीं चार शब्द लिहिणें भाग आहे. विद्यार्थिदशेंत आणि त्यानंतर कांहीं वर्षें आम्ही पुण्यांत लांब पल्ल्याचें धांवत होतों. पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, एकदांच पुरी केली; वेळ लागला ३ तास २४ मिनिटें. हा आंकडा कांहीं मोठा नव्हे, परंतु तो आम्ही लग्नाच्या तारखेपेक्षां अधिक बिनचूक सांगूं शकतों, अशी घरांतून तक्रार आहे. पुढें नोकरी, प्रपंच, परीक्षांचे गठ्ठे. धांवणें सोडण्याचा असा एखादा दिवस नव्हता. तें कधीं सुटलें हें ठाऊक नाहीं. अखेर वडील अंथरुणास खिळले. सवा वर्षभर पहांटे पांचला उठून त्यांचें सर्व करण्याचा क्रम होता. ते गेले. पांचला उठण्याची संवय राहिली आणि करावयास कांहीं उरलें नाहीं. अशा एका पहांटे आम्ही हनुमान टेकडीच्या पायथ्याशीं गेलों आणि चालतां चालतां धांवूं लागलों. वय त्रेपन्न. पायांत होते ते बूट धांवण्याचे नव्हते.

चारशें मीटरसुद्धां जाणें झालें नाहीं. याचें आश्चर्य वाटलें नाहीं. आश्चर्य वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. पाय उचलण्याची ढब, हातांची लय, चढावर पुढें झुकणें, हें सर्व जसेंच्या तसें होतें. शरीर जुन्याच वेगानें निघालें आणि दुसऱ्या वळणाशीं छाती फुटावयाची वेळ आली. पंचविशींतल्या माणसानें गाडी हांकावी आणि बैल मात्र त्रेपन्न वर्षांचा असावा, तशी गत. पुढल्या कित्येक महिन्यांत ही जोडी कांहीं सुटली नाहीं. आम्ही धांवावें आणि त्यानें शेजारून आंकडे सांगावे: येथपर्यंत यावयास पूर्वीं इतकीं मिनिटें लागत, हा चढ न थांबतां होत असे. रोज फिरावयास येणारे एक वृद्ध गृहस्थ, “प्रोफेसरसाहेब, गुडघे सांभाळा बरें,” म्हणून बजावीत. गुडघे ठीक होते. दोन महिन्यांत श्वासहि ताळ्यावर आला. दगा दिला टांचेमागच्या जाड शिरेनें, जिला इंग्रजी वैद्यकांत अकिलीझचें नांव आहे. चपळ पायांचा म्हणून होमरनें गाइलेला वीर आणि त्याच्याच नांवाची ही शीर. तिला श्वासाचा उतावळेपणा मानवत नाहीं. श्वास आठवड्यांनीं सुधारतो, शिरांना आणि हाडांना महिनेच्या महिने लागतात, आणि परत आलेल्या बहुतेकांची फसगत येथेंच होते. आमचीहि झाली. सहा आठवडे घरीं बसलों.

त्या सक्तीच्या विश्रांतींत साहित्याच्या अध्यापकानें जें करावें तें आम्ही केलें. परतलेल्या धांवणाऱ्याची ही विचित्र स्थिति कोणी लिहिली आहे काय, हें पाहण्यासाठीं पुस्तकें काढलीं.

आरंभ अर्थातच हिरोडोटसापासून केला. त्याच्या इतिहासाच्या सहाव्या खंडांत जी हकीकत आहे ती लोकांच्या समजुतीहून अगदीं निराळी आहे. ख्रिस्तपूर्व ४९० मध्यें इराणी सैन्य मॅरेथॉनला उतरलें, तेव्हां अथेन्सच्या सेनापतींनीं फिलिपिडीझ नांवाच्या जासुदास स्पार्टाकडे मदत मागण्यासाठीं पाठविलें. धांवणें हा त्याचा धंदाच होता. सुमारें २४० किलोमीटर डोंगराळ वाट तुडवून तो दुसऱ्या दिवशीं स्पार्टास पोंचला. स्पार्टावाल्यांनीं सांगितलें, मदत करूं. पण पौर्णिमेपूर्वीं सैन्य हलविण्यास आमचा धर्म आड येतो. वाटेंत पार्थेनिओन डोंगरावर पॅन देवानें त्याला नांवानें हांक मारून विचारलें होतें, अथेन्सचे लोक माझी आठवण कां ठेवीत नाहींत? हें सर्व फिलिपिडीझनें अथेन्सला येऊन सांगितलें. म्हणजे तो जिवंत परत आला! आणि परत आला तो विजयाची वार्ता घेऊन नव्हे, तर ‘इतक्यांत नाहीं’ हें उत्तर आणि एका देवाची कुरकुर घेऊन.

रणांगणावरून अथेन्सपर्यंत धांवत जाऊन, विजयाची वार्ता सांगून प्राण सोडणारा जो दूत शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतो, तो हिरोडोटसाच्या ग्रंथांत मुळीं नाहींच. तो जवळजवळ सहाशें वर्षांनंतर प्लूटार्कच्या लेखनांत अवतरतो, आणि तेथेंहि त्याचें नांव वेगळें आहे. पुढें लूशियननें त्या मरणाला फिलिपिडीझचें नांव जोडलें. ब्राउनिंगनें १८७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या दीर्घ कवितेंत दोन्ही हकीकती एकाच माणसाच्या पदरीं घातल्या: तोच स्पार्टाला गेला, तोच परत आला, तोच लढला आणि तोच विजयाची वार्ता देऊन मेला. ब्राउनिंग हा लहान कवि नव्हे. परतण्याची ओढ त्याला कळत होती. त्याच्या फिलिपिडीझला लढाई संपल्यावर एका मुलीशीं लग्न करून घर थाटावयाचें आहे, मुलांना गुडघ्याशीं घेऊन बसावयाचें आहे. परंतु हें सर्व त्याच्या तोंडून वदवून घेऊन कवीनें त्याला मारलें, आणि तें मरण म्हणजेच पॅननें दिलेलें बक्षीस ठरविलें! मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानें ऑलिंपिक सामन्यांत मॅरेथॉनची शर्यत असावी असें सुचविलें, तेंहि याच मरणाच्या कथेवरून. जगभर दर रविवारीं लक्षावधि लोक जी शर्यत धांवतात तिचें मूळ अशा एका मृत्यूंत आहे, जो बहुधा घडलाच नाहीं. आणि जी धांव खरोखरीची म्हणून इतिहासकारानें नोंदली, तिचा परतीचा अर्धा भाग कोणाच्याहि गणतींत नाहीं.

हाउसमनची आणि ब्राउनिंगची जात एकच, हें आतां ध्यानांत येईल. धांवणाऱ्यानें जिंकावें आणि मरावें. मध्यें किंवा नंतर कांहीं नको. आमच्या विद्यार्थिनीनें नेमकें तें ‘नंतर’ विचारलें होतें.

विसाव्या शतकानें बंड केलें, पण तें बंड जिंकण्याविरुद्ध होतें, मुदतीविरुद्ध नव्हतें. ॲलन सिलिटो याची लांब पल्ल्याच्या धांवणाऱ्याच्या एकलेपणावरील १९५९ सालची कथा प्रसिद्ध आहे. सुधारगृहांतला एक उनाड मुलगा अधिकाऱ्यांच्या मानासाठीं धांवण्याच्या शर्यतींत उतरतो, सर्वांच्या पुढें असतो आणि अंतिम रेषेच्या अलीकडे मुद्दाम थांबतो. थंडींतल्या पहांटेच्या एकट्या धांवण्याचीं वर्णनें इतकीं खरीं आहेत कीं, तीं वाचतांना आमच्या पोटऱ्या आंखडल्या. परंतु त्याचाहि नायक सतरा वर्षांचा. चाळीसाव्या वर्षीं त्याला पुन्हां एका सकाळीं बाहेर पडावेंसें वाटलें तर काय होईल, हा प्रश्न कथेच्या कक्षेंत येत नाहीं, आणि तो तिचा दोषहि नव्हे.

परतण्यावर म्हणून लिहिलेली एक कादंबरी मात्र हातीं आली. जॉन एल. पार्कर या अमेरिकन लेखकानें १९७८ सालीं ‘वन्स अ रनर’ नांवाची कादंबरी स्वतःच्या खर्चानें छापून शर्यतींच्या ठिकाणीं विकली. धांवणाऱ्या लोकांत ती पोथीसारखी हातोहात फिरली. तिचा पुढला भाग, ‘अगेन टु कार्थेज’, २००७ सालीं आला. पहिल्या भागांतला कॅसिडी आतां फ्लोरिडांत वकिली करतो. धांवणें सुटलें आहे. जवळच्या माणसांचे मृत्यु पाहतो आणि पुन्हां धांवूं लागतो, तोहि थेट ऑलिंपिक निवडीच्या मॅरेथॉनसाठीं. येथें आमच्या अपेक्षा फार वाढल्या, आणि त्या पुऱ्या झाल्या नाहींत असें खेदानें म्हणावें लागतें. सरावाचीं वर्णनें जाणत्याचीं आहेत. पण लेखक परतण्याचा विचार मिळविण्याच्या भाषेंतच करतो: गेलें तें पुन्हां हस्तगत करावयाचें, किंवा अंतर बदलून त्याच तोलाचें दुसरें कांहीं. कॅसिडीचें शरीर त्याला खऱ्या अर्थानें कधींच अनोळखी वाटत नाहीं. सुटलेल्या वर्षांची शिक्षा त्याला होते, परंतु तीं वर्षें त्याला कांहीं शिकवीत नाहींत. हा माणूस परगांवीं गेला होता आणि परत आला, इतकेंच. तो बदलून आला असें वाटत नाहीं.

याच्या शेजारीं आम्ही एक शास्त्रीय हकीकत ठेवूं इच्छितों. तिला कोणी साहित्य म्हणणार नाहीं. आम्हांस ती त्या कादंबरीहून अधिक नाट्यमय वाटली. १९६६ सालीं अमेरिकेंतील डॅलस येथें वीस वर्षांच्या पांच तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर निजवून ठेवलें, आणि नंतर आठ आठवडे कसून व्यायाम करविला. प्रत्येक टप्प्यावर त्यांची प्राणवायु घेण्याची शक्ति मोजली. तीस वर्षांनीं त्याच पांच जणांना शोधून काढलें. सारे पन्नाशींत आलेले, वजनें वाढलेलीं. मोजणी केली तेव्हां असें दिसलें कीं, तीस वर्षांच्या वयानें त्यांचें जेवढें नुकसान केलें होतें त्याहून अधिक नुकसान त्या तीन आठवड्यांच्या निजून राहण्यानें विशींत केलें होतें! मग त्यांना सहा महिने हळूहळू व्यायाम दिला. आणि तीस वर्षांत गेलेली शक्ति पांचहि जणांच्या सरासरीनें भरून आली. येथपर्यंतची गोष्ट वर्तमानपत्रांना आवडण्याजोगी आहे. परंतु अहवालांत आणखी एक वाक्य आहे. विशींत, व्यायाम केल्यानंतर, जी उंची त्यांनीं गांठली होती, ती पन्नाशींत एकालाहि पुन्हां गांठतां आली नाहीं. म्हणजे माणूस आपल्या तारुण्याकडे परतूं शकतो, पण त्या तारुण्यांतील साध्या, आळशी दिवसांकडे; त्यांतल्या ऐन भराच्या दिवसाकडे नाहीं. आमचे ३ तास २४ मिनिटें हे त्या भराच्या दिवसाचे होते. शेजारून आंकडे सांगणारा गडी कोण आणि तो गप्प कां बसत नाहीं, याचा उलगडा आम्हांस प्रथम येथें झाला.

आतां ज्या पुस्तकामुळें हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतों. हारुकी मुराकामी या जपानी कादंबरीकाराचें धांवण्याविषयींचें आत्मकथन जपानींत २००७ सालीं निघालें. फिलिप गॅब्रिएल यांचें इंग्रजी भाषांतर २००८ सालीं आलें. नांवाची घडण रेमंड कार्व्हरच्या एका कथासंग्रहावरून उचलली आहे. कार्व्हरच्या कथांचें जपानी भाषांतर मुराकामींनींच केलें आहे. तोक्योंतील आपलें जॅझ संगीताचें मद्यगृह विकून केवळ लेखनावर जगण्याचें ठरविल्यावर, १९८२ सालीं, तेहतिसाव्या वर्षीं ते धांवूं लागले. दिवसभर बसून लिहिणाऱ्याचें शरीर सुटूं नये आणि सिगारेटी सुटाव्या, असा हिशेब होता.

या पुस्तकाचा लौकिक फार आहे, आणि तो पुष्कळसा चुकीच्या कारणांसाठीं आहे. कादंबरी लिहिणें आणि लांब धांवणें यांतील साम्यावर लेखक जें सांगतो तें लोक फलकांवर लिहून ठेवतात. आम्हांस तो भाग सर्वांत पातळ वाटला. एकाग्रता हवी, चिकाटी हवी, रोज थोडें करावें, हें कोणत्याहि कारकुनालाहि ठाऊक असतें. त्यासाठीं जपानपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. शिवाय लेखकाच्या स्वरांत एक प्रकारचें तुटकपण आहे. मी एकटा बरा, माझ्या शरीराचा मी धनी, या सुरांत पत्नी क्वचित् पाण्याची बाटली घेऊन उभी असलेली दिसते आणि पुन्हां नाहींशी होते. ज्याच्या घरांत कोणी अंथरुणास खिळलेलें आहे, ज्याला पहांटेचा तास कोणाकडून तरी मागून घ्यावा लागतो, अशा माणसाचें धांवणें या पुस्तकांत शिरत नाहीं. आपल्याकडील मध्यम स्थितींतल्या कोणाहि वाचकास ही उणीव खटकेल.

पण पुस्तकाचें मोल दुसरीकडेच आहे. १९८३ सालच्या जुलैंत लेखक अथेन्सहून मॅरेथॉनपर्यंत, म्हणजे पुराणप्रसिद्ध वाटेनें उलट्या दिशेनें, एकटा धांवत गेला. त्याची ही पहिलीच एवढी लांब धांव. फिलिपिडीझच्या नांवानें दुसरा कोणी असता तर येथें काव्य ओसंडलें असतें. मुराकामी वाटेंत गाड्यांखालीं सांपडून मेलेलीं कुत्रीं आणि मांजरें मोजतो. पोंचल्यावर जें पेय प्यावयाचें म्हणून तो वाटभर तळमळत होता, तें हातीं आल्यावर मनांतल्याइतकें गार आणि गोड लागत नाहीं. अंगावर मीठ सांचलें आहे, सूर्यावर राग आला आहे. हा खरेपणा हिरोडोटसाच्या जातीचा आहे: देव भेटला तरी त्यानें तक्रारच केली.

याहून महत्त्वाचा भाग पुढें येतो. १९९६ च्या जूनमध्यें होक्काइडोंतील सारोमा सरोवराभोंवतीं १०० किलोमीटरची धांव त्यांनीं ११ तास ४२ मिनिटांत पुरी केली. पंचावन्न किलोमीटरनंतरचीं वीस किलोमीटरें कशीं गेलीं याचें वर्णन सबंध पुस्तकांत श्रेष्ठ आहे. मी माणूस नाहीं, यंत्र आहें, असें स्वतःला बजावीत तो जातो, आणि पंचाहत्तराव्याच्या पुढें वेदनाच कोठें तरी आरपार निघून जाते. आणि नंतर? नंतर धांवण्यावरची वासनाच उडाली! पाय धड होते, वेळ होता, कीर्ति होती. परंतु पूर्वींची ओढ राहिली नाहीं. धांवणें बंद पडलें नाहीं, पण ते सायकल आणि पोहणें यांकडे वळले. २००० सालीं एका तिहेरी शर्यतींत पाण्यांत शिरतांच श्वास कोंडून माघार घ्यावी लागली. २००५ सालीं न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनची तयारी करतांना ओढ परत आली, आणि त्याच सुमारास हें पुस्तक लिहिणें सुरू झालें. न्यूयॉर्कलाच १९९१ सालीं त्यांनीं ३ तास २७ मिनिटांत ती शर्यत पुरी केली होती. आतां चार तासांच्या आंत येण्याची मारामार. तयारी चोख, झोंप पुरी, बूट नवे नव्हेत. तरी वेळ वाढतच जातो. कारण शोधून सांपडत नाहीं, कारण कारण एकच आहे आणि तें सर्वांस ठाऊक आहे.

या ठिकाणीं हाउसमनचा मुलगा असता तर? त्याच्या गळ्यांतली माळ सुकली असती, हें खरेंच. पण मुराकामी सुकलेल्या माळेविषयीं तक्रार करीत नाहीं, आणि (हें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें) समाधानहि दाखवीत नाहीं. वार्धक्य स्वीकारल्याचा जो एक गोड, तुपाळ सूर अशा लेखनांत लागतो तो येथें नाहीं. त्याला वाईट वाटतें, तो चिडतो, पुन्हां नांव नोंदवितो. ओढ कां गेली आणि कां आली, याचा खुलासा तो करूं पाहतो आणि जमत नाहीं असें पाहून सोडून देतो. पार्करच्या कॅसिडीस सर्व कारणें ठाऊक असतात. मुराकामीस ठाऊक नसतात, आणि म्हणून आमचा विश्वास त्याच्यावर बसतो. तथापि एक गोष्ट नोंदली पाहिजे. तो पूर्णपणें सोडून कधींच गेला नव्हता. उणीपुरी चोवीस वर्षें दूर राहून परतलेल्याच्या अंगांत जो परका माणूस शिरलेला असतो, त्याची गांठ त्याला पडली नाहीं. तें पुस्तक अजून कोणी लिहावयाचेंच आहे.

लिहिण्याजोगें आयुष्य मात्र होऊन गेलें. पंजाबांतील जालंधरजवळच्या ब्यास गांवचे फौजा सिंग तरुणपणीं धांवत असत. फाळणीच्या सुमारास तें सुटलें. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, १९९० नंतरच्या दशकांत, डोळ्यांसमोर मुलगा अपघातांत गेला. गांव सोडून ते दुसऱ्या मुलाकडे लंडनला गेले आणि दुःखांतून बाहेर पडण्यासाठीं धांवूं लागले. २००० सालीं, कुटुंबियांनीं सांगितलेल्या वयाप्रमाणें ८९ व्या वर्षीं, लंडनची मॅरेथॉन त्यांनीं ६ तास ५४ मिनिटांत पुरी केली. २००३ सालीं टोरोंटोला ५ तास ४० मिनिटें. २०२५ च्या जुलैंत आपल्या गांवाजवळ रस्ता ओलांडतांना गाडीची धडक बसून ते गेले. त्यांच्यावर पुष्कळ लिहिलें गेलें, आणि त्यांतील बहुतेक सर्व वयाच्या आंकड्याभोंवतीं फिरतें: जन्माचा दाखला आहे कीं नाहीं, विक्रम अधिकृत कीं अनधिकृत. ज्या मधल्या पन्नास वर्षांत हा शेतकरी नांगरामागें चालला आणि धांवला नाहीं, त्यांविषयीं दोन ओळी. पहिल्या दिवशीं परक्या देशांतल्या फरसबंदीवर पाय टाकतांना त्या पायांना काय आठवलें असेल? आम्ही आपल्या टेकडीवरून येतांना हा विचार पुष्कळ वेळां केला आहे. पहांटे उठून करावयास कांहीं उरलें नाहीं म्हणजे काय होतें, तें त्यांना आमच्याहून कितीतरी अधिक ठाऊक होतें.

आपल्या भाषेंत या विषयाला जागा आहे काय? खेळाडूंच्या चरित्रांचा मार्ग आम्हांस फारसा उपयोगी वाटत नाहीं. १९२० सालीं अँटवर्प येथील ऑलिंपिक मॅरेथॉनमध्यें बेळगांवकडचा फडेप्पा चौगुले १९ वा आला, वेळ २ तास ५० मिनिटें; डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानें तो संघ गेला होता. निकाल एका ओळींत मावतो. बोट परत मुंबईस लागल्यानंतरचा चौगुले ही कादंबरीकाराची सामग्री आहे, आणि ती चरित्रकाराच्या हातीं देऊं नये.

परंतु धांवण्याची एक कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती ग्रीकांच्या कल्पनेहून अगदीं निराळी आहे. आषाढी वारींत ज्ञानेश्वरांची पालखी वेळापुराजवळ आली म्हणजे वारकरी उतारावरून एकदम धांवत सुटतात. याला धांवा म्हणतात. येथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धांवत निघाले, अशी आख्यायिका आहे. देवाला आर्ततेनें हांक मारणें यालाहि मराठींत धांवा करणें असेंच म्हणतात. एका भाषेनें पळणें आणि हांक मारणें यांस एकच शब्द वापरावा, ही गोष्ट साधी नव्हे. आम्ही वारकरी नव्हों. एकदां केवळ पाहावयास म्हणून गेलों होतों. सत्तरीच्या बाया डोक्यावरची तुळस एका हातानें सांवरीत धांवत होत्या. त्यांतील कोणाची वारी मध्यें पांच वर्षें चुकली असेल, कोणाची दहा. बाळंतपणें, आजारपणें, दुष्काळ. ज्यांची चुकली होती त्या निराळ्या ओळखूं येत नव्हत्या. मागल्या खेपेहून किती वेळ अधिक लागला हें तेथें कोणी मोजीत नव्हतें. आमच्या शेजारचा गडी तेथें असता तर त्याला बोलावयास कांहीं सांपडलें नसतें.

या सर्व खटाटोपानंतर हाउसमनची कविता आम्हांस वाईट वाटूं लागली आहे काय? मुळींच नाहीं. तिची घडण आजहि निर्दोष वाटते. फक्त आतां आम्ही तिला सत्य म्हणून शिकवीत नाहीं. एका भेदरलेल्या माणसाचें अतिशय सुंदर बोलणें म्हणून शिकवितों. जगणाऱ्या धांवपटूचें काय होतें हें पाहावयाचें नाहीं, म्हणून कवीनें त्याच्यावर माती लोटली आणि वर फुलें वाहिलीं. त्यांत त्याचें भय आहे, आणि तें भय ऐकूं आलें म्हणजे त्या कडव्यांतील थंडपणा अधिकच खोल जातो. पूर्वीं आम्ही तो थंडपणा म्हणजे शहाणपण समजत होतों.

गेल्या जूनमध्यें ती कविता पुन्हां वर्गांत घेतली. आरंभींच त्या जुन्या विद्यार्थिनीचा प्रश्न तिचें नांव न सांगतां फळ्यावर लिहिला आणि वर्गासच विचारला. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग एक मुलगा उभा राहून म्हणाला कीं, आमच्या गांवीं पोलीसभरतीसाठीं धांवणारे एक काका आहेत, भरती होऊन गेली, वय उलटलें, तरी ते रोज पहांटे धरणाच्या बांधावरून धांवतात. लोक त्यांना हंसतात. आम्ही विचारलें, तूं हंसतोस काय? तो कांहीं बोलला नाहीं, खालीं बसला. हें परीक्षेस विचारणार काय, असें पुढच्या बाकावरून कोणी तरी विचारलें, आणि आम्ही नाहीं म्हणून सांगितल्यावर अर्ध्या वर्गानें पेनें मिटलीं.